नळाचा वार आधी विचार

वैजू, भाऊजींची ऑर्डर आली म्हणतेस,
तर घर बघायला जाशील तेव्हा
टाइल्स नंतर बघ, नळाचा वार आधी विचार.
आणि तो घरमालकाला नको,
शेजारणीला विचार.
घरमालक सगळे "रोज येतं" म्हणतात.

खोकी विकत घेऊ नको.
आम्ही सावद्याहून निघालो तेव्हा
केळीच्या वखारीतून बावन्न खोकी आणली, फुकट.
धुळ्यात आल्यावरही कितीतरी दिवस
तेजलच्या भूगोलाच्या वहीला तो वास होता
आणि ती वही ती कुणाला हात लावू देत नव्हती.

खोक्यावर "किचन दोन" असलं काही लिहू नको.
आत काय आहे ते लिही:
सांडशी, गाळणी, काडेपेटी, हर्षूचा कप.
मी एकावर नुसतं "महत्त्वाचं" लिहिलं होतं.
ते अजून सापडलेलं नाही.

पुस्तकं लहान खोक्यांत भर.
यांनी ऐकलं नाही, सगळी एकाच मोठ्यात कोंबली,
आणि भाईदास टेम्पोवाला उचलता उचलता खाली बसला.
"भाऊ, यामा काय इहीर भरेल शे का?"

मे महिन्यात हलणार असशील तर पहाटे चारला माल चढव.
एरंडोलच्या पुढे ऊन असं, की लोणच्याची बरणी
दादरा बांधलेला असून पाझरली,
आणि गाद्यांना कैरीचा डाग आहे तो आहेच.
कूलर शेवटी चढवायचा, म्हणजे आधी उतरतो.
ही एक गोष्ट यांची. बरोबर निघाली.

खापर मात्र टेम्पोत नाही.
खापर मांडीवर.
सुपडाआत्यांनी ते सावद्यापासून पदराखाली धरलं,
दुखणाईत पोर धरावं तसं.
पारोळ्याला चहालासुद्धा उतरल्या नाहीत.
देवपूरला पोचल्यावर म्हणाल्या,
"तडा नाही गेला बघ.
माझे पाय गेले."

शाळेचा दाखला हातात पडला की तिथेच उभी राहून वाच.
तेजलचा जून जुलै झाला होता.

लहान्याला त्याची त्याची एक पिशवी दे,
आणि आत काय घालतो ते बघू नको.
मी नाही बघितलं.
तीन गोट्या, तुटका पतंग,
आणि जुन्या घराच्या मागच्या दाराची कडी.
घरमालकाचा फोन आला तेव्हा कळलं.
कडी पोस्टाने पाठवली. चाळीस रुपये लागले.
तो दोन दिवस जेवताना बोलला नाही.

पहिल्या रात्री चूल नको, दशम्या ने, शेंगदाण्याची चटणी ने.
शेजारून कुणी पातेलं पाठवेलच.
आमच्याकडे नजमाभाभींचं आलं, शेवभाजी, वर तर्री बोटभर.
ते धुऊन लगेच परत करू नको.
राहू दे दोन दिवस.
त्यांच्या दारात जायला
हातात काही कारण असू दे.

आणि दिवे घालवून
मुलांना एकदा घरभर फिरव, हात धरून.
इथून माठ. इथून मोरी. इथे एक पायरी खाली.
मी हे केलं नव्हतं.
दुसऱ्या रात्री हर्षू झोपेतून उठला
आणि सावद्याच्या मोरीकडे चालत गेला.
इथं त्या जागी भिंत आहे.
कपाळाला टेंगूळ आलं, रडला नाही.
भिंतीवर हात फिरवत म्हणाला,
"ही कुणी लावली?"

आता वर्ष होईल. त्याला घर पाठ झालं,
डोळे मिटून जातो.
मी अजून, वैजू, लाईट गेली
की डावीकडे हात नेते पाण्यासाठी.

माठ, जमलं तर,
जुन्याच बाजूला ठेव.